आगंतुकांची पंगत

जेवायला जागा मागण्याची पाळी आपल्यावर येईल, असे मला वयाच्या ६८व्या वर्षापर्यंत कधी वाटले नव्हते. बडोद्यातील आमच्या घरी पानांची संख्या सहसा ठरलेली नसे. सासूबाई होत्या तोवर भात टाकताना त्या घरातली माणसे मोजीत आणि वर दोन मुठी तांदूळ अधिक घालीत. हे तांदूळ कोणाचे, असे त्यांना कोणी विचारीत नसे. कारण जेवणवेळेला दारात कोणी ना कोणी उभे राहीच. पुढे शाळेतील नोकरी सांभाळून मीही ती रीत जमेल तशी चालविली. त्यामुळे अन्नाच्या बाबतीत मी नेहमी वाढणाऱ्याच्या बाजूला उभी राहिले. मागणाऱ्याच्या बाजूला उभे राहिले म्हणजे पाय कसे जड होतात, हे मला समजले ते फार दूर, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, आणि तेही एका करमणुकीच्या ठिकाणी!

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही उभयता अटलांटाला मुलीकडे गेलो होतो. नाताळच्या सुट्टीत नातीला घेऊन सर्वांनी ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ पाहावयास जायचे, असा बेत मुलीने कित्येक महिने आधी आखून ठेवला होता. ऑर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेली ही करमणूकनगरी सुमारे ४० चौरस मैलांत पसरलेली आहे. ‘उद्यान’ म्हटले की आम्हां बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे कमाटी बाग येते. खिशात शेंगदाण्याची पुडी असली म्हणजे तेथे दिवस निघतो. येथला प्रकार अगदी निराळा. चार मोठमोठी उद्याने, एकापासून दुसऱ्याकडे बसने जावे लागते इतकी दूर, आणि प्रत्येकात सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांचा पूर. त्यातून नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवसांपैकी!

एवढी माणसे जेवतात कोठे, हा प्रश्न माझ्यासारख्या गृहिणीच्या मनात प्रथम यावा हे स्वाभाविकच आहे. तेथे खाण्याची ठिकाणे दोन प्रकारची आहेत. एक, जेथे मोबाइलवरूनच पदार्थ सांगायचे, पैसे भरायचे आणि खिडकीशी जाऊन थाळा उचलायचा. तेथे आरक्षण लागत नाही. पण थाळा हाती घेऊन बसायला रिकामी खुर्ची शोधण्याचे काम ज्याचे त्याने करावे. दुसरी, टेबलाशी बसवून वाढपी विचारपूस करतात अशी उपाहारगृहे. ह्यांची टेबले ६० दिवस आधीपासून राखून ठेवता येतात. २०२० पूर्वी ही मुदत १८० दिवसांची होती. सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारी दुपारी साडेबाराला आपल्याला कशाची भूक लागेल हे आज सांगणारी माणसे जगात आहेत, आणि ती लक्षावधी आहेत, हे ऐकून मी थक्क झाले.

नगरीतीलच हॉटेलात उतरणाऱ्यांना येण्याच्या दिवसाआधी ६० दिवसांपासून आपल्या मुक्कामातील पुढल्या दिवसांचीही टेबले एकाच वेळी राखता येतात. आम्ही तसे उतरणार होतो. तेव्हा माझ्या मुलीने ऑक्टोबरात एके दिवशी पहाटे उठून, एकीकडे संगणक आणि एकीकडे मोबाइल घेऊन, चहादेखील न घेता ती सारी जुळवाजुळव केली होती. हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितले होते. मीही त्या वेळी तिला शाबासकी दिली होती. नंतर जे घडले त्याच्या संदर्भात हे सांगणे आवश्यक आहे.

२६ तारखेला आम्ही प्राण्यांच्या उद्यानात होतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास तेथे मज्जाव नाही, हे जावईबापूंकडून कळल्यामुळे मी आदल्या दिवशी निघतानाच मुलीच्या घरून दशम्यांचा डबा घेतला होता. दुपारी एका झाडाखाली बसून आम्ही पाचजणांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आजूबाजूला लोक खाण्याच्या ठिकाणांपुढे रांगा लावून उभे होते. त्यांच्याकडे पाहून मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्या एका उद्यानात आमच्या नावाने राखलेले पाच माणसांचे टेबल रिकामे होते, ह्याची मात्र आम्हांपैकी कोणालाच कल्पना नव्हती.

२७ तारखेस ‘हॉलिवूड स्टुडिओज’ हे उद्यान. १९८९ साली उघडलेल्या ह्या उद्यानात ‘फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे’ नावाचे एक उपाहारगृह आहे. १९५०-६० च्या काळातील अमेरिकन घराचे स्वयंपाकघर असावे तशी त्याची मांडणी. टेबले त्या काळातील, पडदे त्या काळातील, आणि प्रत्येक टेबलाजवळ लहानसा टेलिव्हिजन. त्यावर जुन्या कृष्णधवल मालिकांचे तुकडे चाललेले असतात. पण खरी मौज वाढण्यात. तेथील वाढपी घरातील आई, मावशी किंवा चुलत भाऊ असल्याचा आव आणतात. कोपरे टेबलावर टेकविली तर रागावतात, पानातील भाजी टाकली तर ती संपवायला लावतात. माझी आठ वर्षांची नात आठवडाभर हेच सांगत होती : “आजी, तिथं आजोबांनासुद्धा ओरडा बसणार!” साडेबाराचे आमचे टेबल होते. दशम्यांपैकी चार उरल्या होत्या, परंतु “आज टेबल आहे ना आई, ओझं कशाला?” असे मुलीने म्हटल्यावरून मी डबा खोलीतच ठेवला.

माझ्या यजमानांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतल्यावर दुपारचे जेवण वेळेवर झाले पाहिजे, असा डॉक्टरांचा दंडक. त्या दिवशी सकाळी सातला न्याहारी झाली होती आणि त्यानंतर चालणे बरेच झाले होते. साडेबाराला आम्ही उपाहारगृहाच्या दाराशी गेलो. दारातील उंच मेजामागे उभ्या असलेल्या तरुणीने आमचे नाव पाहिले, पुन्हा पाहिले, आणि फार सौम्य स्वरात सांगितले की आपले टेबल काल होते.

मुलीने मोबाइल उघडला. २६. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत रद्द न करता जे येत नाहीत, त्यांना माणशी १० डॉलर द्यावे लागतात. ते ५० डॉलर आमच्या नावावर आलेच होते. पण पैशाचे काय? चूक आमची, दंडही आमचाच. बिनआरक्षणाच्या लोकांची जी प्रतीक्षायादी असते ती त्या घटकेला बंद होती. “थोड्या वेळाने पुन्हा पाहावे, यादी अधूनमधून उघडते,” असे त्या तरुणीने सांगितले. मागे लोक खोळंबले होते, म्हणून आम्ही बाजूला झालो.

आणि बाजूला झाल्याबरोबर मी जावईबापूंच्या देखत मुलीला म्हणाले, “आयुष्यभर लोकांच्या मुलांना फळ्यावर तारीख लिहायला शिकवली, घरातलीच एक राहिली म्हणायची!”

ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. पहाटे उठून, चहा न घेता केलेल्या त्या खटपटीचे मोल मी एका वाक्यात धुळीला मिळविले होते. तेवढ्यानेही माझे समाधान झाले नसावे. ती पुन्हा मेजाकडे जाऊन विनंती करते म्हणाली, तेव्हा मी तिला अडविले. “अन्नासाठी कोणाच्या विनवण्या करायच्या नाहीत,” असे मी ठणकावून सांगितले. माझ्या बोलण्यात तत्त्व किती होते आणि ताठा किती, ह्याची वाटणी आज मला करता येते. तेव्हा आली नाही.

मग आम्ही दुसरी दोन ठिकाणे पाहिली. एका ठिकाणी यादी बंद, दुसऱ्या ठिकाणी पाचजणांना दीड तास. खिडकीवरचे जेवण मोबाइलवरून सांगावे म्हटले तर मिळणारी वेळही पाऊण तासानंतरची. सव्वा वाजता हे एका बाकावर बसले आणि “जरा थांबू या” म्हणाले. माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. बोटे थरथरत होती, कपाळावर घाम होता, आणि हवा तर थंड होती! जावईबापू धावत गेले व संत्र्याचा रस घेऊन आले. तो पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर तरतरी आली. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचाराचे केंद्र असते, तेथे नेण्याची वेळ आली नाही. पण ती पंधरा मिनिटे मला विसरता येणार नाहीत. मधुमेहाच्या माणसाबरोबर प्रवास करणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे की टेबल राखलेले असो वा नसो, डबा खोलीत ठेवू नये.

साखर वर आली. पण आता पोटात जेवण जाणे जरूर होते. मी उठले आणि कोणाला काही न सांगता त्या उंच मेजाकडे निघाले.

ते अंतर फार तर शंभर पावलांचे असेल. आमच्या दारात जेवणवेळेला येणारी माणसे मला त्या वाटेवर एकामागून एक आठवली. वारावर जेवणारा एक विद्यार्थी होता. तो दाराची कडी कधीच जोरात वाजवीत नसे. एक दूरच्या नात्यातल्या काकू होत्या. त्या आल्या की आधी “मी जेवूनच आलेय” असे म्हणत आणि मग पोटभर जेवत. मी त्यांची मनातल्या मनात थट्टाही केली होती. त्या तरुणीपुढे उभी राहिल्यावर माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले असेल? “आम्हांला फारशी भूक नाही, पण...”

तिला माझे इंग्रजी समजले आणि बहुधा त्यामागचेही काही समजले असावे. तिने विचारले, किती माणसे? मी पाच म्हटले. पाचजण एकत्रच बसायला हवेत का, असा तिचा दुसरा प्रश्न. वास्तविक ह्या एका प्रश्नात सारी युक्ती साठवलेली होती. पाच माणसांना जोडटेबल किंवा मोठे टेबल लागते आणि ती थोडी असतात. दोघांचे किंवा तिघांचे टेबल अर्ध्या तासात मोकळे होते. शिवाय उपाहारगृहाला लागूनच ‘ट्यून-इन लाउंज’ नावाची बैठकीची जागा आहे. तेथे आरक्षण लागतच नाही. येईल त्याने बसावे, आणि जेवण त्याच स्वयंपाकघरातले मिळते. दोन वाजता यादी उघडली तर तिघांचे नाव घाला, दोघांना लाउंजमध्ये बसू द्या, असे तिने सुचविले. आजारी माणूस आहे म्हणून रांग मोडून आत घ्या, असे मी म्हटले नाही. आणि तिने मेहेरबानी केल्याचा आवही आणला नाही. बाजूला उभ्या असलेल्या कुटुंबात दोन तान्ही मुले होती. त्यांचीही वेळ झालेलीच होती.

बाकावर परत आले आणि मुलीला सारे सांगितले. यादीत नाव मोबाइलवरूनही घालता येते, मात्र त्यासाठी उपाहारगृहाच्या आसपास असावे लागते, ही माहिती तिला होतीच. ती पडदा पुनःपुन्हा उघडून पाहू लागली. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी प्रथमच एका कामाला लागलो. तिच्या मोबाइलवर इतर ठिकाणची टेबले मध्येच उगवत आणि मावळत. दीड वाजता साडेतीनची टेबले दिसू लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की दंड टाळण्यासाठी लोक बरोबर दोन तास आधी आपली टेबले सोडतात. जेवणाच्या वेळेपूर्वी दोन तास, थोडे अधिकच, जो डोळ्यांत तेल घालून पाहील त्याला पुष्कळदा काही तरी लाभते. आदल्या रात्रीही असेच; दुसऱ्या दिवशीचा बेत बदललेली माणसे झोपण्यापूर्वी टेबले मोकळी करतात. आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सर्वांबरोबर भूक न लागणे! दार उघडते तेव्हा अकराच्या सुमारास, नाही तर दोन ते चारच्या दरम्यान जाणाऱ्याला बिनआरक्षणाचे टेबल मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या पंगतीच्याही आधी, किंवा शेवटच्या पंगतीला. लग्नघरात शेवटल्या पंगतीला बसायची सवय आम्हां बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

उद्यानांच्या बाहेर, हॉटेलांमधील उपाहारगृहांत गर्दी त्यामानाने कमी असते, हे दुसऱ्या दिवशी अनुभवास आले. ‘ॲनिमल किंग्डम लॉज’ ह्या हॉटेलात ‘सना’ नावाचे उपाहारगृह आहे. आफ्रिकी पाककृती आणि भारतीय मसाले ह्यांचा तेथे मेळ घातलेला आहे. संध्याकाळी पहिल्या पंगतीच्या वेळी यादीत नाव घातले आणि फारसे न थांबता टेबल मिळाले. नान, कुलचे, पराठे आणि त्यांबरोबर नऊ वाट्या, चटण्या-रायत्या-लोणच्यांच्या! खिडकीबाहेर जिराफ पाला खात होते. ह्यांनी लोणच्याची वाटी चाटूनपुसून साफ केली. पण हे पुढचे.

दोनला पाच मिनिटे कमी असताना मुलगी ओरडली, “उघडली, आई!” यादीत तिघांचे नाव गेले. चाळीस मिनिटे असे पडद्यावर दिसत होते. पंचवीस मिनिटांतच बोलावणे आले. तिसरे माणूस कोण, हा प्रश्न नातीने स्वतःच सोडविला. ओरडा बसताना आजोबांजवळ ती नसेल तर सारे व्यर्थच होते. मुलगी आणि जावई लाउंजमधील सोफ्यावर बसली.

आम्हांला वाढायला आली ती साठीकडे झुकलेली, कमरेला झालरीचे अंगवस्त्र बांधलेली ‘आई’. आल्याआल्या तिने नातीचे हात धुतले आहेत का ते विचारले. आम्ही मांसाहार करीत नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरात जाऊन विचारून आली आणि भाज्यांचे एक भरगच्च पान घेऊन आली : बटाट्याचा लुसलुशीत लगदा, फरसबी, आणखी काही उकडलेले, काही परतलेले. तिखटमिठाच्या दृष्टीने ते जेवण आपल्याकडच्या आजाऱ्याला शोभेल असे होते. पण ह्यांनी ते ज्या आवडीने खाल्ले ते पाहून माझा जीव भांड्यात पडला. नातीसमोर शेंगदाण्याचे लोणी आणि जॅम घातलेला दाट मिल्कशेक आला, आणि ती काही काळ जगाला विसरली.

आजोबांना मात्र ओरडा बसला नाही. ते शिस्तीत बसले होते. दिवसभराचा शीण येऊन माझीच दोन्ही कोपरे केव्हा टेबलावर टेकली ते मला कळले नाही. ‘आई’ माझ्यामागे येऊन उभी राहिली. साऱ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारले, हेच का घरात शिकवले? नात हसूहसून खुर्चीवरून पडायला आली. मी कोपरे काढली. तेवढ्यात तिची दृष्टी माझ्या पानाच्या कडेला सारलेल्या फरसबीवर गेली. ही भाजी कोणी खायची? पस्तीस वर्षे वर्गात उभी राहून मी जो स्वर वापरला, तोच स्वर! त्या स्वरापुढे बसलेल्या मुलांना काय वाटत असेल ह्याचा विचार मी क्वचितच केला होता. मला हसू येत होते, आणि त्याच वेळी दीड-दोन तासांपूर्वीचा मुलीचा उतरलेला चेहराही दिसत होता. मी मुकाट्याने काटा उचलला आणि फरसबी संपविली.

जेवण झाल्यावर लाउंजमध्ये मुलीजवळ जाऊन बसले. “फार बोलले मी,” एवढेच म्हणाले. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि “बाबा नीट जेवले ना?” असे विचारले. आमच्या घरात क्षमा मागण्याची आणि करण्याची पद्धत ह्याहून मोठी नाही.

चार वाजत आले होते. रात्री आठचे आणखी एक टेबल मुलीने राखून ठेवले होते, पाचजणांचे, गाजलेल्या ठिकाणचे. ह्यांना विश्रांतीची गरज होती. खोलीवर चार दशम्या होत्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दही मिळत होते. तिने मोबाइल काढला. अजून चार तास होते, दंडाचा प्रश्न नव्हता. कोणत्या तरी बाकावर बसून कोणी तरी पडदा उघडून पाहत असेल आणि त्याला पाचजणांची जागा एकाएकी दिसेल, हा विचार मनात आल्यावर मीच तिला म्हणाले, “सोड लवकर.”

तिचे बोट बटणावर गेले आणि थांबले. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“बाई, जरा तारीख वाचून दाखवता का?”

मी चष्मा लावला आणि वर्गात वाचावी तशी खणखणीत आवाजात तारीख वाचली.